फुटक्या जहाजांचे अवशेष आणि वाहून आलेल्या वस्तू: किनारा धुंडाळणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

२९ जुलै २०१५ रोजी हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर किनारा साफ करणाऱ्यांना विमानाच्या पंखाचा एक भाग सापडला. मार्च २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या एमएच ३७० या विमानाचा तो फ्लॅपेरॉन होता. त्यावर बार्नॅकल, म्हणजे तरंगत्या वस्तूंना चिकटून वाढणारे कवचाचे जीव, दाटीने बसले होते. त्यांच्या कवचांची रासायनिक तपासणी करून शास्त्रज्ञांनी तो तुकडा कसकशा तापमानाच्या पाण्यातून आला असावा, याचा अंदाज बांधला. सापडल्याबरोबर कुणी तो खरवडून लख्ख केला असता, तर त्या प्रवासाची नोंदच पुसली गेली असती.

किनारा धुंडाळायला निघणाऱ्याने एवढं आधी मनात पक्कं करावं. वस्तू, तिच्यावर चिकटलेला गाळ-कवचं आणि ती पडली होती ती जागा, या तिन्ही गोष्टी मिळून तिची ओळख पटते. यातलं काहीही घाईत गमावलं तर ते परत मिळत नाही. म्हणून या लेखात शोधण्याइतकीच जागा नोंदींना आणि जपणुकीलाही दिली आहे.

वेळ आणि तिथी

तुमच्या किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक हातात असल्याशिवाय निघू नका. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काही किनाऱ्यांवर मात्र दिवसातून एकदाच भरती येते. मेक्सिकोच्या आखातात अशी ठिकाणं आहेत. त्यामुळे दुसऱ्या किनाऱ्याचा अंदाज आपल्याकडे लावून चालत नाही.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते. पाणी जितकं वर चढतं तितकंच ओहोटीला खोल उतरतं, आणि हा जोर बऱ्याच ठिकाणी तिथीनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी थोडंसंच हलतं, नवं काही उघडं पडत नाही. मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान होण्याच्या दिवसांजवळची उधाणं वर्षातली मोठी उधाणं असतात. वर्षातून मोजक्याच वेळा जाता येणार असेल तर मी याच दिवसांची निवड करायला सांगेन.

ओहोटीच्या सर्वांत खालच्या वेळेआधी दोन तास पोहोचा. पाणी मागे हटेल तसतसे त्याच्या मागून खाली जा आणि ओहोटीची वेळ झाली की परत फिरा. पाणी परतायला लागल्यावर आणखी पुढे जाण्याचा मोह होतो, कारण समोरची ओली वाळू नुकतीच उघडी झालेली असते. त्या मोहापायी लोक कड्यांच्या पायथ्याशी अडकतात.

वादळाचं गणित वेगळं. वादळी लाटा किनाऱ्यावरची वाळू ओरबाडून समुद्रात नेतात, आणि एका रात्रीत किनारा पुरुषभर उंचीने खाली बसल्याची उदाहरणं आहेत. दशकानुदशकं वाळूखाली दडलेलं लाकूड अशा वेळी वर येतं. पुढे हवा शांत झाली की संथ लाटा तीच वाळू परत आणून टाकतात, कधी काही दिवसांतच. म्हणजे समुद्र निवळून किनाऱ्यावर जाणं सुरक्षित झालं की लगेचची पहिली ओहोटी साधायला हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटसमूहातल्या सँडे बेटावर वादळानंतर एका जहाजाचा ओक लाकडाचा मोठा सांगाडा असाच उघडा पडला. झाडाच्या वर्षकड्या मोजून लाकूड अठराव्या शतकाच्या मध्याचं ठरलं आणि कागदपत्रांच्या आधारे ते ‘अर्ल ऑफ चॅटम’ हे जहाज असावं, या निष्कर्षापर्यंत तज्ज्ञ आले. त्याआधी ते ब्रिटिश नौदलात ‘एचएमएस हाइंड’ या नावाने होतं.

तरंगणाऱ्या हलक्या वस्तूंसाठी मात्र वादळ लागत नाही. समुद्राकडून जमिनीकडे दोन-तीन दिवस सलग वारा वाहिला की पुरे.

शोधायचं कुठे

किनाऱ्यावर दोन वेगळे पट्टे लक्षात ठेवा. वरचा पट्टा भरतीच्या रेषेचा: शेवाळ, काटक्या, पिसं, फेस यांची जी ओळ भरती मागे ठेवून जाते ती. लाकूड, बिया, बाटल्या, जाळ्यांचे गोळे इथे मिळतात. अशा दोन-तीन ओळी एकावर एक दिसल्या तर सर्वांत वरची ओळ मागच्या उधाणाची किंवा वादळाची असते. नवखे लोक ओल्या ओळीवर गर्दी करतात. जुनी, सुकलेली वरची ओळ तशीच राहून जाते.

खालचा पट्टा जड वस्तूंचा. लाटा वाळू चाळत राहतात आणि सारख्या वजनाच्या वस्तू एकत्र येतात. मासेमारीच्या गळाला लावायची शिशाची वजनं, जड गोटे, काळसर खनिज वाळूचे पट्टे दिसले की तिथे थांबून बारकाईने पाहा; तांब्याचे खिळे, नाणी, धातूचे तुकडे याच ठिकाणी साचतात. नुसत्या शिंपल्यांचे हलके तुकडे साचलेत अशा जागी जड धातू सहसा नसतो. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर ३१ जुलै १७१५ च्या चक्रीवादळात स्पेनच्या ताफ्यातली ११ जहाजं फुटली. त्यातली नाणी आजही मोठ्या वादळानंतर तिथल्या वाळूत सापडतात आणि सापडतात ती बहुधा लाटांनी वाळू कापून नेलेल्या जागी.

नकाशा उघडून बसणं हीसुद्धा शोधाचीच पायरी आहे. जुनी बंदरं, खडकांच्या रांगा, नदीच्या मुखाशी साचलेले वाळूचे दांडे, दीपगृहं (दीपगृह जिथे बांधलं तिथे बहुतेकदा आधी जहाजं आपटलेली असतात), जुन्या मार्गांची वळणं. नौकानयनाच्या सागरी नकाशांवर बुडालेल्या जहाजांच्या खुणा असतात. मग वाऱ्याची दिशा पाहा: उपसागरासारख्या आत वळलेल्या किनाऱ्यात वारा ज्या कोपऱ्याकडे ढकलतो, तिथेच सगळं गोळा होतं. समुद्रात शिरलेले बांध, खडकांच्या फटी, पुरानंतरची नदीमुखं हीही हमखास ठिकाणं.

वस्तू पाण्याच्या किती वर राहते यावर तिचा मार्ग ठरतो. रिकामी बाटली किंवा पोकळ फ्लोट वाऱ्याच्या अंगाने जातो, पाण्याने जड झालेलं लाकूड प्रवाहाच्या. हे शास्त्र समजायला अपघातांनीच मोठी मदत केली. जानेवारी १९९२ मध्ये उत्तर प्रशांत महासागरात ‘एव्हर लॉरेल’ जहाजावरून कंटेनर पडले आणि २८,८०० प्लॅस्टिकची खेळणी, बदकं, कासवं, बेडूक, पाण्यात सुटली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती अलास्कात सिटकाजवळ किनाऱ्याला लागू लागली. समुद्रशास्त्रज्ञ कर्टिस एब्समायर यांनी किनारा धुंडाळणाऱ्या सामान्य लोकांच्या नोंदी गोळा करून त्यांचा मार्ग मांडला. त्याआधी १९९० मध्ये ‘हान्सा कॅरिअर’वरून पडलेल्या बुटांचाही त्यांनी असाच माग काढला होता. डाव्या-उजव्या पायांचे बूट वाऱ्याने वेगवेगळ्या दिशांना ओढले जातात, हे अशाच नोंदींतून पुढे आलं.

सोबत काय घ्यायचं, चालायचं कसं

जाड तळाचे बूट, कापणार नाहीत असे हातमोजे, काठी, घड्याळ, चार्ज केलेला फोन, सेंटीमीटरच्या खुणांची पट्टी, झाकणाचे दोन-तीन डबे आणि एक पत्र्याचा डबा. पत्र्याचा डबा का, ते पुढे येईल. डब्यांपैकी एकात समुद्राचं पाणी भरून घ्यायची तयारी ठेवा. जाताना घरी कुणाला तरी जागा आणि परतायची वेळ सांगून निघा.

जाताना भरतीच्या रेषेने, येताना पाण्याजवळून, असा फेर धरा. सरळ चालण्यापेक्षा नागमोडी चाला. सकाळी किंवा सायंकाळी ऊन तिरपं असताना वाळूतल्या उंचवट्यांची सावली पडते आणि अर्धवट गाडलेल्या फळीची कड तेव्हाच नजरेत भरते. काच शोधायची तर सूर्य समोर ठेवा. पारदर्शक तुकडा आतून उजळतो. परतताना तीच जागा उलट बाजूने पाहिली की मघाशी सुटलेलं दिसतं.

शेवाळाचे ढीग काठीने हलके उलटा आणि पुन्हा तसेच ठेवा. त्यात लहान जीव राहतात, पक्षी त्यांच्यावर जगतात. कासवांच्या आणि पक्ष्यांच्या विणीच्या काळात भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू उकरू नका.

मेटल डिटेक्टर वापरायचा असेल तर आधी परवानगीची चौकशी करा, कारण अनेक किनाऱ्यांवर तो चालत नाही. खाऱ्या ओल्या वाळूत साधी यंत्रं खोटे आवाज देतात. तिथे एकाच वेळी अनेक वारंवारितांवर चालणारी किंवा पल्स इंडक्शनची यंत्रं लागतात. खणलेला खड्डा बुजवायचाच.

हे लाकूड जहाजाचं आहे का?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून पाहू.

ओंडका आणि जहाजाचं लाकूड यांतला फरक भोकांत आहे. फळीवर बसून नीट पाहा. अंगठ्याएवढ्या रुंदीची गोल भोकं, आणि त्या भोकांत लाकूडच ठोकून बसवलेलं, ज्याच्या तोंडाशी उभ्या रेषांऐवजी कापलेल्या टोकाचा गोल पोत दिसतो: ही लाकडी खुंटी. कधी तिच्या टोकात आडवी पाचर मारून ती घट्ट केलेली असते. लाकडी जहाजांच्या फळ्या फासळ्यांना अशा खुंट्यांनी जोडत. भोकाभोवती हिरवट डाग म्हणजे तांबं किंवा पितळ, काळा-निळसर डाग म्हणजे लोखंड. चौकोनी भोक हे घडवलेल्या खिळ्याचं. कडेने हलकेच बोट फिरवा: दोन फळ्यांच्या सांध्यात ठासलेले, डांबरात बुडवलेले तंतू अजून चिकटलेले असू शकतात. बोटाने जाणवतील, पण ओढून काढू नका. लांब लाकडाला एकसारखा बाक, कडेला तिरपा उतार, सुताराने कोरलेल्या रेघा किंवा रोमन आकडे या खुणा मिळाल्या तर तुमच्यासमोर जहाजाची फासळी असण्याची शक्यता चांगलीच आहे.

लाकडात बोटाएवढी नागमोडी बिळं आणि त्यांना आतून पांढऱ्या चुन्याचं अस्तर दिसलं, तर ती टेरेडोची, लाकूड पोखरणाऱ्या शिंपल्याच्या जातीच्या जीवाची. लाकूड समुद्राच्या पाण्यात उघडं होतं एवढंच त्यावरून कळतं. वय कळत नाही. याच किड्यापासून वाचण्यासाठी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा मारायला लागले. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘एचएमएस अलार्म’वर त्याची चाचणी घेतली. पुढे १८३२ मध्ये जॉर्ज फ्रेडरिक मंट्झ यांनी सुमारे ६० टक्के तांबं आणि ४० टक्के जस्त असलेल्या स्वस्त मिश्रधातूचं पेटंट घेतलं. त्यामुळे लहान लहान खिळ्यांची ओळीने भोकं असलेला पातळ, हिरवा पडलेला पत्रा मिळाला आणि तपासणीत तो मंट्झ धातूचा निघाला, तर जहाज १८३२ च्या आधी त्या पत्र्याने मढवलेलं नव्हतं एवढं पक्कं म्हणता येतं. पत्र्यावर किंवा बोल्टवर बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण दिसली तर ती ब्रिटिश सरकारी मालमत्तेची.

फसवणारी लाकडंही पुष्कळ. मोडलेल्या धक्क्यांचे खांब, रेल्वेचे स्लीपर, किनारा अडवायला ठोकलेल्या फळ्या. क्रिओसोटचा (लाकूड कुजू नये म्हणून लावायच्या डांबरी तेलाचा) उग्र वास, आटे पाडलेले षट्कोनी नटबोल्ट, अगदी सरळ आणि एकाच मापाचे चौरस छेद: हे सगळं बहुधा बंदराच्या बांधकामाचं असतं. खात्री नसेल तर ‘बांधीव लाकूड’ एवढीच नोंद करा. उगाच जहाज म्हणण्यापेक्षा ती जास्त उपयोगी.

लोखंड, दगड, काच, खापर

समुद्रात पडलेल्या लोखंडाभोवती गंज, चुना, वाळू, शिंपले यांचा दगडासारखा गोळा होतो. आकार विचित्र, वजन अपेक्षेपेक्षा वेगळं, बाहेर तांबूस डाग. असा गोळा हातोड्याने कधीही फोडू नका. आतलं लोखंड पूर्ण विरून गेलेलं असलं तरी त्याच्या पोकळीचा साचा शिल्लक असतो आणि प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी तो वाचता येतो. शिवाय तो गोळा म्हणजे तोफेचा न फुटलेला गोळाही असू शकतो.

गलबताचा तोल राखायला तळाशी भरलेलं वजन, म्हणजे नीरम, हे बऱ्याचदा दुसऱ्याच देशाचे गोटे असत. आसपासच्या खडकांशी न जुळणाऱ्या गोल दगडांचा ढीग एकाच जागी दिसला तर त्याची जागा नोंदवा. कोळशाचे तुकडे आणि भट्टीत जळून काचेसारखी झालेली खंगर वाफेच्या बोटींची आठवण देतात.

बाटलीत आधी साच्याची शिवण पाहा. ती ओठांच्या कडेपर्यंत सलग गेली असेल तर बाटली यंत्रावर बनली आहे, आणि मायकल ओवेन्स यांचं पूर्ण स्वयंचलित बाटली-यंत्र १९०३ च्या सुमाराचं. शिवण मानेतच थांबली असेल तर ओठ हाताने बसवलेला, म्हणजे बाटली बहुधा त्याआधीची. तळाशी खरबरीत तुटका व्रण असेल तर फुंकून केलेली काच. सुटी काचेची गोटी सापडली तर ती हिरम कॉड यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या सोड्याच्या बाटलीतली असू शकते.

लाटांनी घासलेल्या काचेला जो धुरकट मऊपणा येतो तो घासण्याबरोबरच पाण्याने काचेतले क्षार हळूहळू ओढून घेतल्यामुळे येतो. पांढरी, हिरवी, तपकिरी काच सर्वत्र. गडद निळी कमी. लाल आणि नारिंगी फार दुर्मीळ. खापरांत निळी-पांढरी छापील नक्षी खूप सापडते. तिच्यावरून लगेच काळ ठरवू नका, कारण ती नक्षी दीडशे-दोनशे वर्षं बनतच राहिली. तळाचा शिक्का मिळाला तर मात्र फोटो काढा, त्यावरून कारखाना आणि काळ शोधता येतो.

तरंगून येणारं बाकीचं

बियांची मजा वेगळीच आहे. गारंबीच्या चपट्या, तपकिरी, हृदयाच्या आकाराच्या मोठ्या बिया आणि करडे गुळगुळीत सागरगोटे यांच्या आत हवा असते आणि टरफल कठीण, म्हणून त्या महिनोन्महिने तरंगतात. उष्ण प्रदेशातल्या अशा बिया प्रवाहाबरोबर पार स्कॉटलंड आणि नॉर्वेच्या किनाऱ्यांपर्यंत पोहोचतात. नोंद करायला सोप्या असल्यामुळे सुरुवात करणाऱ्याने बियांपासून करावी.

करड्या, हलक्या, पाण्यावर तरंगणाऱ्या दगडाला प्यूमिस म्हणतात. ऑगस्ट २०२१ मध्ये जपानच्या दक्षिणेला समुद्राखालच्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकिनावाचे किनारे अशा दगडांनी भरून गेले.

जहाजांचा मालही येत राहतो. १३ फेब्रुवारी १९९७ रोजी ‘टोकियो एक्स्प्रेस’वरून ६२ कंटेनर पडले. त्यांतल्या एकात लेगोचे जवळजवळ ४८ लाख तुकडे होते. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर ते अजून सापडतात. २०१८ पासून ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर रबराच्या जड गाठी लागू लागल्या, तेव्हा त्या १९४४ मध्ये बुडालेल्या ‘रिओ ग्रांदे’ या जर्मन जहाजातल्या निघाल्या. म्हणजे आज किनाऱ्याला लागलेली वस्तू आज बुडालेल्या जहाजाची असेलच असं नाही. खोल तळाशी सांगाडा कुजत जातो आणि माल पुष्कळ वर्षांनी सुटतो.

बाटलीत चिठ्ठी दिसली तर तिथे उघडू नका. पश्चिम ऑस्ट्रेलियात वेज बेटाजवळ २०१८ मध्ये सापडलेली चिठ्ठी १२ जून १८८६ ची होती, ‘पाउला’ या जर्मन जहाजावरून प्रवाहांच्या अभ्यासासाठी टाकलेली. संग्रहालयातल्या लोकांनी हस्ताक्षर जहाजाच्या दैनंदिनीशी ताडून पाहिलं म्हणून ती खरी ठरली. ओला कागद उलगडताना फाटला असता तर ताडायला काही उरलंच नसतं.

हात लावू नये असं

इथे कुणाचीही घाई चालवून घेऊ नका, मुलांची तर नाहीच.

अंबर, म्हणजे प्राचीन झाडांच्या चिकाचा दगडासारखा झालेला पिवळसर खडा, समजून लोक पांढऱ्या फॉस्फरसचे तुकडे खिशात टाकतात. बाल्टिक समुद्राकाठी, विशेषतः जर्मनीच्या उझेडोम बेटावर, दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबमधला हा फॉस्फरस अजून किनाऱ्याला लागतो. ओला असताना तो पिवळसर, अगदी अंबरसारखा दिसतो. सुकला की ३० अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतो आणि खिशातली ऊब त्याला पुरते. म्हणून पिवळा-नारिंगी खडा कधीही कपड्यात ठेवायचा नाही. पत्र्याच्या डब्यात, अंगापासून दूर ठेवून त्याला पूर्ण सुकू द्यायचं. सुकूनही तो पेटला नाही तर पुढची परीक्षा सोपी आहे: पाण्यात विरघळेल तितकं मीठ घालून त्यात टाका. अंबर तरंगतं, काच आणि दगड बुडतात. काही प्लॅस्टिकंही तरंगतात, त्यामुळे ही चाळणी आहे, पक्का निकाल नव्हे.

धातूच्या नळ्या, सिलिंडर, शिंगांसारखे सुळके असलेला गोळा (हा सागरी सुरुंग असू शकतो), तारा असलेली पेटी, बंद पिंप, अनोळखी डबे: मागे फिरा, दूरवर जाऊन पोलिसांना किंवा तटरक्षक दलाला कळवा. नौकांवरचे धुराचे आणि प्रकाशाचे संकेत-नळेही वर्षांनंतर पेटतात. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे ६४० कंटेनर असलेलं जहाज बुडालं. त्यातल्या १२ कंटेनरांत कॅल्शियम कार्बाइड होतं, जे पाण्याशी मिसळलं की ॲसिटिलीन हा ज्वालाग्राही वायू देतं. किनाऱ्याला लागलेल्या कंटेनरांपासून किमान २०० मीटर दूर राहा, असं तेव्हा लोकांना सांगण्यात आलं. हेच अंतर कुठल्याही अनोळखी कंटेनरासाठी धरून चाला.

निळ्या फुग्यासारखा दिसणारा पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर मेल्यानंतरही डंख करतो. शंकूच्या आकाराचे जिवंत शंख विषारी असू शकतात. आणि लाटांच्या कक्षेतला मोठा ओंडका: त्यावर चढू नका, त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये उभे राहू नका. टनावारी वजनाचं लाकूड गुडघाभर पाण्यातही सहज गडगडतं.

कायदा

सापडलं म्हणजे आपलं झालं, हा समज जवळजवळ सगळीकडे चुकीचा आहे. ब्रिटनमध्ये जहाजाच्या अवशेषांची माहिती २८ दिवसांत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या अधिकाऱ्याला द्यावी लागते आणि मूळ मालकाला हक्क सांगायला वर्षभराची मुदत असते. जानेवारी २००७ मध्ये ‘एमएससी नापोली’चे कंटेनर डेव्हनच्या ब्रॅन्सकम किनाऱ्याला लागले तेव्हा लोकांनी मोटरसायकलीसुद्धा नेल्या, त्या मालालाही हाच नियम लागू होता. लंडनमध्ये टेम्स नदीच्या ओहोटीच्या काठावर शोधायला परवाना लागतो. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या कायद्याने ७५ वर्षांहून जुन्या बुडालेल्या जहाजांना आपोआप संरक्षण आहे. भारतात १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेषांत मोडू शकतात, आणि जमिनीत सापडलेल्या मौल्यवान ठेव्याबद्दल १८७८ चा कायदा आहे. पोवळी, काही शंख, कासवाची पाठ आणि स्पर्म व्हेलपासून मिळणारं अंबरग्रीस यांवर अनेक देशांत बंदी आहे. अंबरग्रीस भारत, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतो. जाल तिथला नियम निघण्याआधी वाचा.

नोंद

वस्तू हलवण्याआधी फोटो. पहिला दुरून, मागे ओळखता येईल अशी इमारत किंवा डोंगर येईल असा. दुसरा जवळून, पट्टी शेजारी ठेवून. तिसरा खुणांचा: भोकं, शिक्के, अक्षरं, चिकटलेली कवचं. फोनवरून अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, भरतीरेषेच्या वर की खाली, गेल्या दोन दिवसांचा वारा, वस्तूचं लांब टोक कोणत्या दिशेला, हे तिथेच उभ्या उभ्या लिहा. घरी जाऊन आठवून लिहिलेली नोंद जवळपास नेहमीच अपुरी असते.

मोठं लाकूड, सांगाडा, नांगर, तोफ यांना जागेवरच राहू द्या. पुरातत्त्व खातं किंवा जवळचं संग्रहालय यांना त्याच दिवशी फोटो आणि ठिकाण पाठवा, कारण पुढच्या भरतीला ते पुन्हा झाकलं जाऊ शकतं. काही देशांत अशा लाकडांना क्रमांकाचे किंवा क्यूआर कोडचे बिल्ले लावतात. बिल्ला दिसला तर स्कॅन करून आपली नोंद पाठवा, बिल्ला काढू नका. फुटक्या जहाजाचा नेमका पत्ता मात्र सगळ्यांना दिसेल असा टाकू नका. दुसऱ्या दिवशी लोक करवती घेऊन पोहोचतात.

घरी आणलेलं टिकवायचं कसं

कायद्याने ठेवता येईल अशी लहान वस्तू आणली असेल तर पहिला नियम: ओलं मिळालं ते ओलंच ठेवा. सुकल्यावर आतल्या मिठाचे स्फटिक होतात आणि वस्तू आतून फोडतात.

खापरं गोड्या पाण्यात बुडवा, पाणी सुरुवातीला रोज आणि मग आठवड्याने बदला. मीठ निघालं का ते बघायला बुडवलेल्या पाण्याचा एक थेंब आणि ताज्या पाण्याचा एक थेंब आरशावर शेजारी शेजारी सुकू द्या. पहिल्याचा पांढरा डाग दुसऱ्यापेक्षा गडद असेल तर अजून मीठ आहे. शेवटचे दोन-तीन बदल डिस्टिल्ड वॉटरचे करा आणि सावलीत सुकवा. चकाकीचे पापुद्रे सुटत असलेली जुनी काच घासू नका.

नुसत्या लोखंडाची वस्तू धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवली तर गंज थांबतो. यात महिने जातात. त्याला लाकूड, कातडं किंवा दुसरा धातू जोडलेला असेल तर हा उपाय करू नका. साध्या पाण्यात ठेवून तज्ज्ञाला दाखवा. तांबं-पितळ साध्या पाण्यात भिजवा. सुकल्यावर फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल तर आत क्षार उरले आहेत आणि धातू खाल्ला जातो आहे. हिरवा-तपकिरी घट्ट थर मात्र धातूचं रक्षण करतो, तो पॉलिशने उडवू नका.

पाण्याने भरलेलं जुनं लाकूड घरी टिकवणं जवळजवळ अशक्य. पेशींतलं पाणी गेलं की ते आक्रसतं, पिळवटतं, चिरतं. १९६१ मध्ये वर काढलेल्या ‘वासा’ या स्वीडिश जहाजावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा, म्हणजे लाकडातल्या पाण्याची जागा घेणाऱ्या मेणासारख्या रसायनाचा, फवारा १७ वर्षं चालला होता. म्हणून खुंटी, कप्पीचा तुकडा असं काही हाती आलंच, तर ते पाण्यात, झाकणाच्या डब्यात, अंधारात आणि गारव्यात ठेवा आणि लवकरात लवकर संग्रहालयाच्या हवाली करा. पाणी गढूळ झालं किंवा वास आला की बदला.

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या आणि वहीत तोच क्रमांक लिहा. चिठ्ठी वस्तूवर चिकटवू नका. पाण्यात राहणाऱ्या डब्यात पेन्सिलीने लिहिलेला प्लॅस्टिकचा तुकडा टाका, कारण शाई विरघळते आणि पेन्सिल टिकते.